तीन महिन्यांची शुगर

सकाळी सव्वासहा. कॉलेज रोडवर धुकं.
निफाडला पारा पाचावर, पेपरवाला सांगतो,
आणि माझ्या डिकीतल्या डब्यात बर्फाची पिशवी,
जिची आज कुणालाच गरज नाही.

तिसरं घर इंदिरानगर, बोगद्याच्या पलीकडे.
केकतपुरे बाई. जीवशास्त्र, दहावी ब, पंचवटी.
दार उघडून बघतात.
"कोण गं तू?"
"लॅबमधून आले."
तेवढी ओळख पुरते.

याच बाईंनी फळ्यावर हिमोग्लोबिन काढलं होतं,
चार वेटोळी, प्रत्येकात लोखंडाचा एक ठिपका.
"चार खोल्यांची चाळ समजा.
प्राणवायू पाहुणा.
पहिल्याला दार उघडायला वेळ लागतो,
तो आत आला की दुसऱ्याला सोपं जातं,
तिसऱ्याला आणखी सोपं."
खडू मोडला होता. आम्ही हसलो होतो,
आमच्या रक्तात तेव्हा पाहुण्यांची ये-जा चालूच होती.

विकरांचं कुलूप-किल्लीचं चित्र
त्यांना कधी पटलं नाही.
"परीक्षेत तेच लिहा, गुण मिळतील.
पण खरं म्हणजे हात आणि हातमोजा.
हात आत गेला की मोजाही बदलतो."

आता त्यांचा हात माझ्या हातमोज्यात.
दंडाला पट्टा. मूठ वळा, बाई.
शीर बोटाखालून सरकते,
दुसऱ्यांदा सापडते.
जांभळ्या बुचाची नळी हळूहळू भरते.

"गोड खाल्लं का हो मधे?"
"छे! मला कोण देतंय?"
खोटं नाही बोलत त्या.
जिभेवरून उतरलं की पुसलं जातं सगळं,
ओला फडका फिरवलेल्या फळ्यासारखं.
सून आतून ओरडते, डब्यांना कुलूप आहे हो!

साडेअकराला मशीन आकडा दाखवतं,
आठ पूर्णांक एक.

साखर रक्तात हिंडते
आणि जाता जाता प्रथिनाला चिकटते.
विकर लागत नाही त्याला,
किल्ली नाही, मोजा नाही, कुणाची परवानगी नाही.
चिकटली की चिकटली,
तांबडी पेशी मरेपर्यंत,
एकशेवीस दिवस, थोडे इकडेतिकडे.

म्हणजे हे सगळं आहे अजून त्यांच्यात.
ब्याण्णवच्या बॅचचा कुणी मुलगा
दिंडोरीहून पहिल्या तोडणीची पेटी घेऊन आला,
बाईंनी त्याला "अहो" म्हटलं, आणि अर्धी पेटी संपवली.
उशीखालचे मनुके.
नातवानं दातांनी तोडून दिलेलं चॉकलेट.
रात्री दोन वाजता फ्रीजच्या उजेडात
उभ्यानं खाल्लेलं काहीतरी,
ज्याचं नाव आता फक्त रक्ताला माहीत.

आणि संक्रांत.
पोटॅशियमसाठी गेले होते त्या दिवशी.
खिशात एक तिळाची वडी होती, कागदात गुंडाळलेली.
दिली.
सगळं ठाऊक असून दिली.
बाईंनी ती गालात सरकवली, चष्म्यावरून बघितलं
आणि म्हणाल्या,
"आढाव. हजेरी क्रमांक सदतीस.
तुझं अक्षर सुधारलं का गं?"

एवढंच. मग दाराशी पुन्हा, "कोण गं तू?"

आठ पूर्णांक एक.
त्या एकातसुद्धा मी पुरी मावणार नाही,
त्याच्या पुढच्या, मशीन न छापणाऱ्या घरात
कुठेतरी असेन,
गुळाच्या एका कणाएवढी,
वैशाखापर्यंत.
मग ती पेशी प्लीहेत मोडेल.
लोखंड वाया जात नाही, बाई सांगायच्या,
शरीर मोठं काटकसरी,
मोडीतलंच वापरतं पुन्हा.
साखरेचं काय होतं, ते अभ्यासक्रमात नव्हतं.

रिपोर्टवर सही केली.
सुनेचा फोन आला.
"एवढी कशी वाढली? कोण देतं हो त्यांना?"

मी म्हटलं,
द्राक्षांचा हंगाम आहे, काय सांगणार.